आजीचा बीपी आणि पाच मार्कांची टीप

धुळे तालुक्यातल्या एका गावात पहिल्या वर्षाची मुलं घेऊन गेलो होतो. मेडिकलच्या मुलांनी गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष द्यायचं, त्या 'फॅमिली अडॉप्शन'ची फेरी होती. मी फिजिऑलॉजी शिकवतो. आमच्या वेळी पहिल्या वर्षाला पेशंट दिसायचा तो पुस्तकातल्या चित्रात. एमबीबीएसला २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि सुरुवातीपासूनच पेशंटशी गाठ पडू लागली.

ओट्यावर एक आजी बसली होती. बीपी बघायला वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी पुढे झाली. प्रवेशानंतर आम्ही वार्कचा फॉर्म भरून घेतो: बघून, ऐकून, वाचून-लिहून की करून, कसं शिकायला आवडतं? (आवडीनुसार शिकवलं की जास्त कळतं याला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्येच लिहून ठेवलंय. तरी आमच्याकडे फॉर्म भरले जातात.) हिनं 'वाचून-लिहून'वर खुणा केल्या होत्या. दोन वर्षं नीटच्या क्लासमध्ये पर्याय घोटलेली पोर, दुसरं काय लिहिणार?

तिनं नाडी न बघताच दंडावरचा कफ (बीपीचा पट्टा) १५० पर्यंत फुगवला. स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू येईना. हवा सोडत गेली, १२८ ला ठोके सुरू झाले.

"सर, १२८. नॉर्मल आहे."

"मनगटाची नाडी धर आणि परत फुगव."

"पोरी, मना हात दुखी ऱ्हायना," आजी कुरकुरली. कफ १८० च्या वर गेला तेव्हा कुठे नाडी लागायची बंद झाली. मग स्टेथोस्कोप लावून सावकाश हवा सोडायला लावली. ठोके १८० ला आले, १६० च्या आसपास गायब झाले, १३० च्या खाली पुन्हा सुरू झाले. ऑस्कल्टेटरी गॅप! म्हणजे ठोके मध्येच ऐकू येईनासे होतात; नाडी न बघता त्या गॅपमध्येच फुगवणं थांबवलं, तर वाढलेला बीपीही नॉर्मल वाटतो. टर्मिनल परीक्षेला तिनं याच्यावर टीप लिहिली होती, आकृतीसकट. आधी नाडी का बघायची हेही त्या टिपेत होतं. आता मात्र ती नुसती काट्याकडे बघत राहिली. आजीला चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवलं.

त्या आठवड्यात सहज तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला. हिच्यासकट बहुतेकांचा कल 'करून'कडे. दोन महिन्यांनी, प्रीलिमच्या तोंडावर, तिसऱ्यांदा भरून घेतला, तर सगळी गाडी परत 'वाचून-लिहून'वर. मी तिला विचारलं, "अगं, आजीला विसरलीस?"

"नाही सर. पण पेपरला गॅपवर पाच मार्कांची टीप येते, आजी नाही येत."

प्रीलिमचा पेपर मीच काढला होता. टीप होतीच त्यात.