ओब्रा डिनवरचे तीन आठवडे

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा गेम संपवायला मला तीन आठवडे लागले. रोज रात्री जेवणं उरकून मागचं आवरलं, की साडेदहा ते बारा. संपून महिना झाला तरी त्यातली माणसं डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले. ज्यांना खेळायचा आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, मोठी रहस्यं मी फोडणार नाही.

१८०२ साली ओब्रा डिन हे व्यापारी जहाज लंडनहून पूर्वेकडे निघतं. सहा महिने झाले तरी ते केप ऑफ गुड होपला पोचत नाही, तेव्हा बुडालं असं धरलं जातं. आणि १८०७ च्या ऑक्टोबरात एका सकाळी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात आपसूक येऊन लागतं. शिडं फाटलेली, वर एकही माणूस नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन ऑफिसातले विमा निरीक्षक. कंपनी खरी, जहाज मात्र कल्पनेतलं. आपल्या हातात एक वही असते आणि एक घड्याळ. वहीत साठ जणांची यादी, प्रत्येकाचं नाव, हुद्दा, देश. शिवाय जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची चित्रं. कुठला चेहरा कुठल्या नावाचा आणि त्याचं पुढे काय झालं, हे साठही जणांचं शोधून लिहायचं.

एखाद्या सांगाड्याजवळ घड्याळ उघडलं की आधी काळोख होतो, नुसते आवाज येतात. कुणीतरी दारावर थापा मारतंय, कुणी ओरडतंय, मग बंदुकीचा बार. त्यानंतर तो मरणाचा क्षण जागच्या जागी थिजून समोर उभा राहतो. त्यात चालत फिरता येतं, वाकून बघता येतं, पण कशालाही हात लावता येत नाही. पहिल्या रात्री मी एवढंच केलं. एका प्रेताकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. लॅपटॉप बंद केला तेव्हा वहीत जेमतेम दोन नावं होती.

आपण लिहिलेलं बरोबर की चूक हे गेम लगेच सांगत नाही. तीन जणांची माहिती अचूक जुळली की मगच त्या तीन नोंदी पक्क्या होतात आणि हस्ताक्षरातली अक्षरं छापील होतात. नुसत्या अंदाजाने कुणी पुढे जाऊ नये म्हणून ही योजना. तरी मी दुसऱ्या आठवड्यात तेच केलं. जहाजावर चार चिनी खलाशी आहेत, डोलकाठीवर चढून शिडं सांभाळणारे. मला चौघे सारखेच दिसत होते. मी त्यांची नावं आलटून-पालटून टाकत राहिले आणि एकदाची जुळली. अक्षरं छापील झाली आणि मला अजिबात आनंद झाला नाही. त्या माणसांकडे मी बघितलंच नव्हतं.

दोन दिवस गेम उघडला नाही. तिसऱ्या दिवशी परत त्या डेकवर गेले जिथे खलाशी झोपतात. ओळीने टांगलेल्या झोळ्या, प्रत्येक झोळीला नंबर, आणि तो नंबर यादीतल्या नंबराशी जुळतो. चेहरे झोळीत बुडालेले, पण पाय बाहेर आलेले. कुणाच्या पायात कसला जोडा, कुणाचे मोजे कसे, हे सगळं तिथे होतं. मग तेच पाय दुसऱ्या प्रसंगांत शोधायचे. चौघांची नोंद आधीच छापून झाली होती, तरी मी एकेकाचे जोडे बघून वेगळ्या कागदावर त्यांची नावं पुन्हा लिहिली.

लुकास पोपने हा गेम साडेचार वर्षं खपून जवळजवळ एकट्याने केला, संगीतसुद्धा त्याचंच. २०१८ मध्ये तो आला. सगळं जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या पडद्यासारखं दोनच रंगांत, ठिपक्याठिपक्यांचं. त्यामुळे कातडीचा रंग, डोळ्यांचा रंग काही कळत नाही. टोपी, दाढी, उभं राहायची ढब, कोण कुणाच्या शेजारी बसतो, यावरूनच माणूस ओळखावा लागतो. माझ्या मते हा गेम असाच व्हायला हवा होता.

यादीत चार खलाशांपुढे देश म्हणून 'इंडिया' लिहिलंय. अब्राहम अकबर, विल्यम वासिम, सॉलोमन सय्यद, रेनफ्रेड राजुब. पहिली नावं साहेबाची, आडनावं आपल्याकडची. कंपनीच्या काळात अशा खलाशांना लास्कर म्हणत. त्यांतले दोघे लढाईत-बिढाईत नाही, छातीच्या आजाराने जातात. इतक्या भयंकर गोष्टी घडलेल्या जहाजावर ही दोन मरणं अगदी साधी, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले.

कारण माझे आजोबा बोटीवर होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात घराआड एक माणूस बोटीवर असायचा. आजोबांचं खलाशाचं बुक बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. त्यात फोटो, अंगठ्याचा ठसा, उंची, आणि 'शरीरावरील खूण' या रकान्यात डाव्या भुवईवरचा व्रण. पुढे पानापानांवर बोटींची नावं, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. माझ्या जन्माआधीच ते गेले. तो व्रण मला माहीत आहे, आवाज माहीत नाही.

शेवटचे सहा जण फार जड गेले. चेहऱ्याखाली छोटे त्रिकोण असतात, ओळखायला किती अवघड ते सांगणारे. तीन त्रिकोणवाल्यांसाठी मी एकेका प्रसंगात पाच-पाच वेळा गेले. कुणाच्या बोटात अंगठी, कोण कुणाच्या टेबलाशी जेवायला बसतो. शेवटच्या नोंदी एका रविवारी दुपारी छापील झाल्या आणि मी खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आजोबांच्या बुकात एक ग्रुप फोटो आहे, डेकवर ओळीने बसलेले आठ खलाशी. मागे काहीच लिहिलेलं नाही. बाबांनी चष्मा लावून फोटोचा फोटो काढून मला पाठवला. आजोबा धरून त्यांना तिघांची नावं सांगता आली. उरलेल्या पाचांपैकी एकाच्या कानात बाळी आहे, आणि एका एकट्याच्याच पायात बूट आहेत, बाकी सगळे अनवाणी.

"बूटवाला बहुतेक सारंग असेल, खलाशांचा मुकादम," बाबा म्हणाले. "थांब, मोठ्या आत्याला विचारतो. तिला आठवेल."