न उलटलेले पान

ते पान काय होते, हे माधवने शेवटपर्यंत विचारले नाही. नेटरनर या पत्त्यांच्या खेळात जिंकायला लागणारे त्याचे सात गुण पुरे होताच त्याने आपली पाने गोळा केली, टोकने खोक्यात भरली, आणि मी मात्र त्या एका पालथ्या पानावर बोट ठेवून बसून राहिले. मी ते उलटून दाखवले नाही, त्यानेही ‘बघू’ म्हटले नाही. एवढ्याशा गोष्टीने संध्याकाळपासून मन का खट्टू झाले आहे, ते लिहून तरी कळते का पाहावे.

नेटरनरमध्ये दोघांच्या वाट्याला दोन वेगळेच खेळ येतात. कॉर्प म्हणजे बलाढ्य कंपनी आणि रनर म्हणजे तिच्या सर्व्हरमध्ये घुसणारा हॅकर. कॉर्पची पाने टेबलावर पालथीच पडतात, मग तो टोकने ठेवून पुरा केला की गुण देणारा अजेंडा असो, वाट अडवणारा आइस असो की सापळा असो; रनरने धाव घेऊन ती उघडावीत किंवा भिऊन सोडून द्यावीत. नियम समजून घेताना डोके पार पिकले, पण लपवण्याचा हा अधिकार मला पहिल्यापासून मनापासून आवडला होता. (रिचर्ड गारफिल्ड यांनी हा खेळ १९९६ मध्ये आणला, २०१२ मध्ये तो नव्या रूपात आला, २०१८ मध्ये प्रकाशनच थांबले आणि पुढे खेळणाऱ्यांनीच तो चालू ठेवला. म्हणजे मी शिकायला बसले ती बऱ्याच उशिरा, आणि ज्या कारणासाठी बसले ते तर आता उरलेलेही नाही.)

कॉर्पला एका पाळीत तीन क्लिक, म्हणजे तीन चाली, मिळतात. पहिल्या क्लिकला मी ते पान मांडले आणि उरलेल्या दोन क्लिकांत, प्रत्येकी एक क्रेडिट (खेळातला पैसा) मोजून, त्यावर दोन टोकने ठेवली. कोणीही पाहिले तरी हा पुढच्या पाळीत पुरा होणारा अजेंडाच वाटावा. प्रत्यक्षात खाली प्रोजेक्ट जूनबग होता: रनरने तो उघडला आणि मी एक क्रेडिट भरला, की टोकनामागे दोन याप्रमाणे चार नेट डॅमेज, म्हणजे रनरच्या हातातली चार पाने जाणार. माधवच्या हातात तीनच होती. चौथे पान टाकायला नसले की रनर मेला आणि डाव माझा.

त्याने पहिल्या क्लिकला एक पान ओढले. चार झाली. मग माझ्या त्या पालथ्या पानाकडे मान वळवूनही न पाहता तो आर अँड डीवर, म्हणजे माझ्या न ओढलेल्या पानांच्या गड्डीवर धावला, तिच्या वरच्या पानावर तर्जनी टेकवली आणि माझा खराखुरा अजेंडा चोरून नेला.

ते एक पान त्याने का ओढले? मोजून ओढले असेल, तर त्याने मला पूर्ण वाचले होते; सहज ओढले असेल, तर माझ्या सापळ्याची त्याच्या लेखी काही किंमतच नव्हती. पुढच्या पाळीत मी तिसरे टोकन ठेवून स्वस्थ बसले, तेव्हा मात्र माझे बिंग फुटलेच असणार, कारण तीन टोकनांचा अजेंडा कोणी पुरा न करता ठेवत नाही आणि पाच टोकनांचा असता तर मी उरलेल्या क्लिकांत क्रेडिट गोळा करत बसले नसते. पण ते नंतरचे झाले. मला छळते आहे ती पहिली पाळी, जेव्हा त्याला काहीच ठाऊक असायचे कारण नव्हते आणि तरीही त्याला बघावेसे वाटले नाही. आपण एवढ्या निगुतीने काही लपवावे आणि ते कोणी शोधूच नये, हे दुःख निव्वळ या खेळापुरते आहे असेही नाही, पण तो विषय इथे नको.

आता हे लिहिताना थोडे हसूही येते आहे. रनर सापळ्यात सापडला नाही म्हणून कॉर्पने रुसून बसावे, अशी सोय कोणत्याच नियमात नाही. शिवाय पालथ्या पानाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या माणसासमोर एखाद्या डावात मी तिथे खराच अजेंडा ठेवला, तर तो निर्धोकपणे पुरा होईल. अर्थात तेव्हा तो नेमका धावेल, आणि मग मी आणखी एक रात्र जागून काढेन.

आम्ही आलटून पालटून खेळतो, त्यामुळे उद्या रनर मी. मला रनरचे चार क्लिक असतील आणि तो काही न बोलता एखादे पान पालथे घालील. ते काय आहे हे न बघता आर अँड डीकडे वळणे मला जमायचे नाही. म्हणून निदान हातात पाच पाने झाल्याशिवाय धावायचे नाही, एवढे आजच ठरवून ठेवते. आणि नाहीच धावले, तर डाव संपल्यावर विचारीन.