पेटीवाल्या हातांना डिजिटल पियानो निवडताना: माझा अनुभव

पेटीत आवाज लहानमोठा करण्याचं काम डाव्या हाताचं. भाता त्याच्याकडे. उजव्या हाताच्या बोटांनी फक्त स्वर कुठला ते ठरवायचं. पट्टी अलगद दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच निघतो. पियानोत डावा हात भात्यातून सुटतो, पण लगेच त्यालाही वाजवायला बसवलं जातं, आणि हळू-जोरात हा सगळा कारभार बोटांवर येऊन पडतो. भजनी मंडळात कित्येक वर्षं साथ करून माझी बोटं याबाबतीत पार अडाणी राहिली होती. म्हणून डिजिटल पियानो घ्यायचा ठरला तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसले: पट्टी बोटाला काय सांगते आणि बोटाचं किती ऐकते. बाकीचं नंतर.

निमित्त लेकीचं. ती पाश्चात्त्य पियानो शिकते, आणि घरात होता तो ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड. एक दिवस सरांनीच मला बोलावून सांगितलं, "ताई, ही क्लासात एक वाजवते आणि घरी दुसरंच. हिला ८८ पट्ट्यांचं, वेटेड घ्या, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचं. कंपनी कुठली ते तुम्ही बघा." घरी आल्यावर मीही जाहीर करून टाकलं, की येईल त्या वाद्यावर अर्धा हक्क माझा.

खऱ्या पियानोचा विचार एका संध्याकाळीच संपला. आमची इमारत जुनी, तिला लिफ्ट नाही, आणि साधा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या घरात जातो. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणजे वर्षातून निदान दोनदा ट्यूनर बोलवायचा. शिवाय रात्री दहानंतर वाजवायची सोय नाही, आणि मला तर स्वयंपाकघर आवरल्यावरच वेळ मिळतो.

दुकानांतला पहिला अनुभव मजेदार. "डिजिटल पियानो दाखवा" म्हटलं, की विक्रेता आधी अरेंजर कीबोर्डपाशी नेतो. "काकू, यात पाचशेच्या वर आवाज आहेत, तबला आहे, तानपुरा आहे, एक बोट ठेवलंत की मागे अख्खा बँड!" वाद्यं ती वाईट नव्हेत, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला तीच लागतात. पण त्यांच्या पट्ट्या स्प्रिंगवरच्या; दाबल्यावर टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबल्यासारखं वाटतं. डिजिटल पियानोत पट्टीच्या मागे खरोखरचा हातोडा असतो. तार नसते, त्यामुळे तो कशावर वाजत नाही, नुसतं वजन देतो. खर्जाकडच्या पट्ट्या जड, वर जावं तशा हलक्या, हेही खऱ्या पियानोसारखंच. खाली सेन्सर असतात. पट्टी एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचली यावरून वेग मोजला जातो, आणि त्या वेगाला साजेसा, आधी खऱ्या पियानोवरून रेकॉर्ड केलेला आवाज निघतो. म्हणजे पियानोला जोर कळतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याला कळतो तो वेग. हे समजल्यावर माझं बरंचसं काम सोपं झालं, कारण काय तपासायचं ते कळलं.

पुण्यातली दुकानं बघून झाल्यावर मुंबईला गेले, धोबीतलावला. जेर महालाच्या आसपास वाद्यांची जुनी दुकानं आहेत आणि तिथे बऱ्याच कंपन्यांची वाद्यं शेजारी शेजारी वाजवून बघता येतात. लेकीला बरोबर घेतलं होतं. तिने तिचे परीक्षेचे तुकडे वाजवले, ते कुठल्याही वाद्यावर चांगलेच वाटत होते. मला तसलं काही येत नसल्याचा इथे फायदा झाला.

मी काय केलं, तर आधी मधल्या सप्तकातला एकच सा घेतला आणि तो जितका हळू वाजेल तितका वाजवला. अगदी आवाज निघेल न निघेल इतका. स्वस्तातल्या वाद्यांवर एका मर्यादेखाली स्वर गायब होतो किंवा एकदम ठळक येतो, मधलं काही नाही. मग तोच सा हळूहळू वाढवत न्यायचा, भात्याने नेतात तसा, दहा-बारा ठोक्यांत. वाढ सलग हवी, पायऱ्या ऐकू येता कामा नयेत. त्यानंतर एकाच पट्टीवर पटापट बोटं बदलून ठोके. तीन सेन्सरवाल्या वाद्यांत पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच पुन्हा वाजते, दोनवाल्यांत ती आधी बरीच वर यावी लागते. मग काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात, अगदी आतल्या टोकाशी पांढरी पट्टी दाबून बघितली. पट्टीची मागची टेकण जवळ असेल तर आत दाबायला खूप जोर लागतो. सडपातळ वाद्यांत हे हटकून जाणवतं, आणि दुकानात उभ्याने पट्टीच्या कडेवर वाजवून बघणाऱ्याला ते कळतच नाही. बसून वाजवा, स्टूल मागून घ्या, लाजू नका.

शेवटी सगळ्यात खालचा, डावीकडचा पहिला स्वर दाबून धरायचा आणि तो विरेपर्यंत गप्प बसायचं. दुकानातल्या मुलाला वाटलं मी अडकले. पण खरा स्वर विरताना त्याचा रंग बदलत जातो. कमी मेमरीच्या वाद्यात थोड्या वेळाने तोच छोटा तुकडा फिरून फिरून ऐकू येऊ लागतो. पेटीवाल्याच्या कानाला हे पटकन कळतं, कारण सूर धरून ऐकत बसणं हीच आपली सवय.

एका दुकानात गंमत झाली. एक वाद्य काहीही केलं तरी एकाच आवाजात वाजत होतं. हळू, जोरात, सगळं सारखं, अगदी पेटी! मुलगा म्हणाला, "काकू, हे असंच असतं याचं." मोबाइलवर त्याचं मॅन्युअल काढलं तर टच नावाचं सेटिंग कुणीतरी 'फिक्स्ड'वर ठेवलेलं. ते बदललं आणि वाद्य बोलायला लागलं. तेव्हा दुकानातलं वाद्य वाजवण्याआधी ते बंद-चालू करून, टच 'मीडियम'वर आहे ना, एवढं बघून घ्या. हेडफोनही आपला न्या. दुकानातल्या गोंगाटात स्पीकरवर सगळीच वाद्यं सारखी वाटतात.

आमचं बजेट स्टँडसकट साठ हजारांच्या आतलं होतं. त्यात शेवटी उरली ती तीन वाद्यं: यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० आणि कासिओ पीएक्स-एस११००. कावाई ईएस१२० ची स्तुती सरांकडून ऐकली होती, पण तो मला कुठे वाजवायला मिळाला नाही आणि न वाजवता घ्यायची माझी तयारी नव्हती. यामाहाचा सूर स्वच्छ आणि चमकदार, दुकानात पहिल्या ऐकण्यात तोच मनात भरतो. वजन ११ किलोच्या आसपास, आवाज मोजून १०. कासिओ दिसायला सगळ्यात देखणा. खोली जेमतेम २३ सेंटिमीटर, काचेसारखं पॅनेल, आवाज १८, शिवाय पेन्सिल सेलवर चालतो. वीज जाण्याची कायमची कटकट असलेल्या गावात मी राहत असते तर कदाचित तोच घेतला असता. रोलँड या दोघांपुढे साधा, काळा ठोकळा, १२ किलोच्या थोडा वर. पॅनेलवर बटणं इतकी कमी, की अर्धी कामं एक बटण धरून पट्टी दाबून करावी लागतात, आणि कुठली पट्टी कशाला हे पाठ होत नाही. पण मघाचा तो हळू सा त्याच्यावर सगळ्यात चांगला निघाला. पट्टी किंचित खरखरीत, घामेजल्या बोटाला धरून ठेवणारी, आणि अगदी सावकाश दाबली तर मध्ये एक बारीकसा अडथळा लागतो, खऱ्या पियानोत हातोडा सुटताना लागतो तसा. लेक म्हणाली, "आई, हा जड आहे." सर फोनवर म्हणाले, "मग तोच घ्या."

पॉलिफोनीच्या आकड्यावर लोक बरीच डोकेफोड करतात. एका वेळी किती स्वर वाजू शकतात तो हा आकडा: यामाहाचा ६४, रोलँडचा ९६, कासिओचा १९२. बोटं दहा असताना एवढे कशाला, तर पेडल दाबून ठेवलं की मागचे स्वरही वाजतच राहतात, आणि स्टिरिओ आवाजात एका स्वराला दोन जागा लागू शकतात. आमच्या पातळीला यातला कुठलाही पुरतो.

खरा घोळ वाद्यापेक्षा त्याच्या गोतावळ्यात असतो. सोबत येणारं पेडल म्हणजे चपटी प्लास्टिकची डबी. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर ती पायाखालून पळायची. लेक वाजवता वाजवता खुर्चीवरून घसरत पियानोखाली जायला लागली. शेवटी पियानोच्या पेडलच्या आकाराचं, टाचेखाली दाबून ठेवता येईल अशी रबराची जीभ असलेलं जड पेडल घेतलं. ते अर्धं दाबलं तर अर्धंच ऐकतं, हा आणखी फायदा. स्टँडचंही तसंच. ज्या दुकानातून वाद्य घेतलं त्यांनी "स्टँड फ्री" म्हणून इंग्रजी एक्सच्या आकाराचा दिला. जोरात वाजवलं की तो डोलतो आणि गुडघे मध्ये येतात. तो परत करून फरकाचे पैसे भरताना बरीच हुज्जत घालावी लागली. चार पायांचा किंवा लाकडी स्टँड आधीच ठरवून बिलात लिहून घ्या. आणि उंची: बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं पाहिजे. जमिनीवर मांडी घालून वाजवण्यात हयात गेलेल्या मला हे सांभाळायला लेकीपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून उंची कमी-जास्त होणारं स्टूल.

ब्लूटूथ आहे म्हणून ब्लूटूथ हेडफोन चालतील या समजुतीत राहू नका. या किमतीच्या वाद्यांत ते ॲपशी जोडायला असतं, फार तर फोनवरचं गाणं पियानोच्या स्पीकरवर वाजवायला. तसाही त्या हेडफोनवर आवाज पट्टी दाबल्यानंतर किंचित उशिरा येतो, आणि लयीत वाजवणाऱ्याला तेवढा उशीर वेड लावायला पुरतो. वायरवाला, कान झाकणारा हेडफोन घ्या.

हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुखी, असंही नाही. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. "अगं, रात्री मसाला कुटतेस का?" सूर त्यांना ऐकू येत नव्हता, पण पट्ट्या तळाला आपटल्याचे ठोके स्टँडच्या पायांतून फरशीत आणि तिथून त्यांच्या छतात जात होते. पायांखाली व्यायामाच्या जाड रबरी चटईचे तुकडे घातले, तेव्हा तक्रार बरीच निवली. पूर्ण नाही. आता साडेदहाला मी थांबते.

डाव्या हाताची रडकथा चालूच आहे. तो अजून मधूनमधून भाता शोधतो. पण बोटं सुधारली आहेत. पूर्वी ठोकळ्यासारखा वाजणारा अलंकार आता चढताना वाढतो, उतरताना कमी होतो. ट्रान्सपोज बटणाची, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या बटणाची, सवय मात्र मी लेकीपेक्षा आधी लावून घेतली. मी गाते काळी पाचमधून, तिचे हात बसलेत पांढरी एकवर. दोन पायऱ्या खाली उतरवलं की ती तिच्या बोटांनी वाजवते आणि मी माझ्या गळ्याने गाते. भजनाला साथ म्हणून हे कितपत चालतं? सूर धरून ठेवायचा असेल तिथे नाही. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर टिकतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं; पियानो तर त्या बाबतीत पेटीच्याही मागे. तेव्हा एकादशीला मंडळात जाताना माझ्या काखेला पेटीच असते.

आमच्या मॉडेलला तीन पेडलचं युनिट जोडता येत नाही, आणि बाहेरच्या स्पीकरसाठी वेगळं आउटपुटही नाही. हेडफोनच्या भोकातूनच वायर काढावी लागते. घेताना हे दोन्ही माहीत होतं. सरांच्या मते लेकीला वरच्या ग्रेडपर्यंत एक पेडल पुरेल. पुढे तिने रोलँडचाच एफपी-३०एक्स मागितला, तर हा मी ठेवून घेणार आहे, तिला सांगून ठेवलंय.