पितळेला कल्हई कोणी केली?

रिक्षावाला आणि आमच्याकडचा पोरगा, दोघांनी धरून व्हॅक्यूम पंप उतरवला, म्हणजे भांड्यातली हवा ओढून काढणारा पंप. पट्ट्यावर चालणारा, बिडाचा, जुना. हल्लीचे पंप मोटारीला थेट जोडलेले असतात, १४४० फेऱ्यांवर किंचाळतात. हे जुने धूड मिनिटाला चारशे-साडेचारशे फेऱ्या घेत निवांत फिरतं. भोसरीच्या माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये असा पंप आला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पंप आणणारे सर बँकेतून निवृत्त झालेले. जुन्या बाजारात भंगारवाल्याकडून पंप घेतला. बाजूला पांढऱ्या रंगाने कुठल्याशा कॉलेजचा नंबर घातलेला. घरी काचेच्या घुमटाखाली नातवाला गमती दाखवायच्या: फुंकर न मारता फुगा फुगतो, दाढीचा फेस दसपट होतो, ग्लासातलं पाणी विस्तवाशिवाय उकळतं. पण पंधरा दिवस झाले, पाणी उकळेना.

"आणि काटा पहिल्यापासून २८ च्या पुढे कधी गेलाच नाही. आता तर २५ वरच अडकतो."

२८ चं गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर भिंतीवर लिहून ठेवावं. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर. इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या साधारण २८ इंचांएवढा. काटा दाखवतो तो त्यातला किती दाब पंपाने काढून घेतला ते. मग तो ३० वर जाणार कसा? एसीवाले मेकॅनिकसुद्धा यावरून चांगले पंप परत करतात. २५ हा मात्र खरा आजार. घुमटात तीन इंच दाब शिल्लक राहिला की साध्या पाण्याला उकळी फुटत नाही.

झाकण उघडलं तर आत ताक. म्हणजे तेलच, पण पाण्याची वाफ ओढून ओढून पांढुरकं झालेलं. त्यात कोणीतरी इंजिन ऑइल ओतलेलं. या पंपात तेल नुसतं वंगण नसतं, तेच फटी बुजवतं. तेल गेलं की पंप गेला, हे लोकांना पटत नाही. अंगावर एक छोटा स्क्रू असतो, गॅस बॅलास्टचा. तो जरासा उघडा ठेवला तर थोडी हवा आत जाते आणि वाफेचं आत पाणी व्हायच्या आधी ती बाहेर ढकलली जाते. गेडे नावाच्या जर्मन माणसाची ही १९३५ ची युक्ती. सरांनी तो स्क्रू पान्याने आवळून टाकला होता, "हवा आत जात होती" म्हणून.

संध्याकाळ झाली होती. तेल पातेल्यात काढलं आणि जळक्या तेलाच्या ड्रममध्ये ओतलं. ओतताना तळाशी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. गाळ असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा तेलवाला येऊन ड्रम घेऊन गेला.

मग मी सावकाश पंप खोलायला बसलो. या कामात घाई करणाऱ्याला मी शेडमध्ये उभा करत नाही. रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या दांड्याच्या, खाचेत दोन व्हेन बसतात, हवा पुढे ढकलणाऱ्या सरकत्या पट्ट्या; मध्ये स्प्रिंग. कुठली व्हेन कुठल्या खाचेत, कुठली कड बाहेर, सगळ्याला आधी खुणा करायच्या. वर्षानुवर्षं घासून त्या आपापल्या जागेच्या झालेल्या असतात. आमच्या धंद्यातले कित्येकजण हे करत नाहीत आणि मग पंपाला नावं ठेवतात. पुसायला कॉटन वेस्ट नाही, जुनं धुतलेलं धोतर; वेस्टचा एक धागा तेलाच्या भोकात गेला की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. एक व्हेन चिकटून आत बसली होती, काळ्या चिकट राळेत. आजार सापडला. मी खूश.

झडपेवरची पितळी पट्टी काढली तर ती पांढरी. चकचकीत. माझी आजी दारात कल्हईवाला आला की पातेली बाहेर काढायची, अगदी तशी. मी पोराला म्हणालो, "बघ, पितळेला कल्हई केलीय कोणीतरी." तो हसला. मीही हसलो. पंपाच्या आत कोण कल्हई करेल?

मग टॉर्च मारला. टाकीच्या कोपऱ्यात मोहरीएवढे, ज्वारीएवढे मणी, बोट लावलं की पळणारे.

पारा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाब मोजायच्या काचेच्या नळीत तो असतो. कोणीतरी झटक्यात कॉक उघडला असेल, पारा नळीतून उडून थेट पंपात. बिडाला तो चिकटत नाही, म्हणून पंप बिनतक्रार चालत राहिला. पितळेला चिकटला, म्हणून मला दिसला. ज्याच्या हातून झालं त्याने सांगितलं नाही, ज्याने भंगारात काढला त्याने विचारलं नाही. किलोवर विकलेल्या वस्तूला इतिहास नसतो.

पोराला हात धुवायला लावले, पंखा बंद केला, दार उघडं टाकलं. झाडू लावायचा नाही, त्याने बारीक होऊन पसरतो. ड्रॉपरने, पत्त्याच्या पानाने, चिकटपट्टीने एकेक मणी गोळा केला. औषधाच्या बाटलीत जेमतेम दोन बोटं भरला, पण वजन पाव किलोच्या वर.

सरांना फोन करायला मला दोन तास लागले. पंप कुठे चालवायचात, विचारलं. "बेडरूममध्ये. आवाजाने शेजारी कुरकुरतात, म्हणून खिडकी लावून." पंप तापतो, तेलाच्या धुराबरोबर पाऱ्याची वाफही बाहेर येते, हे मी सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "नातू शेजारीच बसायचा हो." दोघांची लघवी तपासून घ्या, असं मी सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आले. पेढे घेऊन आले होते. तरी "नीट धुऊन द्या की" असा आग्रह होताच. मी दिला नाही. खाचाखोचांतून शेवटचा मणी निघाला याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. त्यांना छोटा नवा पंप घेऊन दिला, धूर नळीने खिडकीबाहेर काढायचा या अटीवर.

तेलवाल्याला मी त्या दिवशीच फोन केला होता. ड्रम कुठे आहे?

"अहो, गेला तो. भट्टीला."

"कुठल्या?"

त्याने दोन नावं घेतली, मग तिसरं घेतलं, मग म्हणाला, "मध्ये एकजण आहे, त्याला विचारावं लागेल." घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम माझ्या भिंतीवर लावलेले आहेत, त्यात तेल कोणाला द्यायचं ते स्पष्ट लिहिलंय. हा माणूस लिटरमागे दोन रुपये जास्त देतो, म्हणून मी त्याला देत होतो. आता देत नाही.

बाटली वरच्या फळीवर आहे, पाऱ्यावर पाणी घालून, बूच मेणाने बंद करून. पंप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात. पोरगा अधूनमधून विचारतो, "पातेल्यात किती असेल हो?" बाटलीकडे बघून मी अंदाज करायला लागतो, आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.