तरुण ताऱ्यांचा उजेड आणि आपली छोटी दुर्बीण

"जेम्स वेबने सगळ्यात लांबची गॅलेक्सी शोधली" अशी बातमी दर काही महिन्यांनी येतेच, आणि वेब इन्फ्रारेड दुर्बीण आहे हेही त्यात असतंच. पण गंमत अशी की ती पकडते त्यातला बराचसा उजेड तिथून निघाला तेव्हा इन्फ्रारेड नव्हताच, अल्ट्राव्हायोलेट होता! विश्व पसरतंय म्हणून वाटेत लाटा ताणल्या जातात. 2024 मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड14-0 ही गॅलेक्सी घ्या, बिग बँगनंतर जेमतेम 30 कोटी वर्षांनी होती तशी ती आपल्याला दिसते, तिथून 150 नॅनोमीटरचा म्हणून निघालेला किरण पंधरापट ताणून आपल्यापर्यंत येतो तेव्हा 2.3 मायक्रॉनच्या (2300 नॅनोमीटरच्या) आसपास, म्हणजे इन्फ्रारेड असतो.

आता अल्ट्राव्हायोलेटचंच एवढं कौतुक का, तर तो उजेड मुख्यतः प्रचंड तापलेले, वजनदार तारे देतात आणि हे तारे फार जगत नाहीत, काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत खेळ खल्लास (आपला सूर्य साधारण 1000 कोटी वर्षं टिकणारा). म्हणजे एखाद्या गॅलेक्सीतून यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट) भरपूर येतोय तर तिथे तारे आत्ता-आत्ताच जन्मलेत. झेड14-0 चा उजेड 1600 प्रकाशवर्षांहून मोठ्या भागातून येतोय, एका ठिपक्यातून नाही, त्यामुळे तो बहुतेक ताऱ्यांचाच, ब्लॅक होलचा नाही, हेही त्यावरूनच ठरलं. तोटा एकच, मिरवणुकीत ढोल-ताशाच ऐकू येतो तसं होतं, मागून चालणारी माणसं किती ते कळत नाही. सूर्यासारखे साधे तारे यूव्हीत जवळजवळ गायब, आणि मध्ये धूळ असली तर ती यूव्ही सगळ्यात आधी गिळते, म्हणून ताऱ्यांचे आकडे वाचताना मी तरी जरा हात राखूनच वाचतो.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. यूव्हीतही एक जास्त कडक भाग असतो, 91.2 नॅनोमीटरच्या खालचा, जो हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. सुरुवातीचं विश्व न्यूट्रल हायड्रोजनने भरलेलं होतं, ते पुन्हा आयनाइझ केलं, म्हणजे त्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवले, ते बहुधा याच उजेडाने. पण तोच हायड्रोजन हा उजेड खाऊन टाकतो, त्यामुळे त्या काळातल्या गॅलेक्सींचा हा भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही, वेब असो नाहीतर आणखी कोणी. मग काय करायचं, तर जरा अलीकडच्या काळातल्या, तशाच वाटणाऱ्या गॅलेक्सी शोधायच्या.

आणि इथे आपली भारताची अवकाश वेधशाळा, ॲस्ट्रोसॅट येते! 2015 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेली, तिच्यावरच्या यूव्हीआयटी या यूव्ही दुर्बिणीचा आरसा फक्त साडेसदतीस सेंटीमीटरचा, हबल या अवकाश दुर्बिणीचा 2.4 मीटर. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या टीमने ऑक्टोबर 2016 मध्ये आकाशाच्या एका तुकड्याकडे 28 तासांहून जास्त वेळ बघितलं आणि एयूडीएफएस01 नावाच्या गॅलेक्सीतून साधारण 60 नॅनोमीटरचा उजेड निसटताना पकडला. अंतर 930 कोटी प्रकाशवर्षं. हबलने त्याच तुकड्याचे इतके खोल फोटो काढलेत, पण हा उजेड तिला मिळाला नव्हता, कारण यूव्हीआयटीच्या डिटेक्टरमधला नॉइज (नको असलेली खरखर) हबलपेक्षा खूप कमी आहे, इथे आरशाच्या आकारापेक्षा शांतता कामाला आली.

सिग्नल इतका पुसट की तो खरंच त्याच गॅलेक्सीचा आहे, शेजारच्या कुणाचा नाही, याची खात्री करण्यात जवळपास दोन वर्षं गेली, पेपर ऑगस्ट 2020 मध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमीत आला. हिशोबानुसार तिथला किमान 20 टक्के कडक यूव्ही बाहेर निसटतोय, जे बरंच आहे. यूव्हीआयटीचा निअर-यूव्ही (लांब लाटांच्या यूव्हीचा) चॅनल 2018 मध्येच बंद पडला, पण हा शोध 'फार-यूव्ही'चा, म्हणजे आखूड लाटांच्या यूव्हीचा, आणि तो चॅनल त्यानंतरही काम करत राहिला.