तुम्ही विचारलंत म्हणून: जायंट्सची का होत नाही मी?

"वहिनी, आता तरी आमच्याकडे या!" असं जायंट्सवाली मंडळी मला हल्ली जिथे भेटतील तिथे सांगतात. गणपतीची आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत, मुलांच्या शाळेच्या पार्किंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात नळी असताना. प्रश्न साधाच आहे. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते आणि ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल टीमची, म्हणजे ए'जची, चाहती आहे. ए'ज 2024चा सीझन संपवून ओकलंड सोडून गेले. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आहेत, त्यांचं स्टेडियम देखणं, मालक खर्च करणारे, आणि मेजर लीगचं बेसबॉल बघायचं तर आता जवळपास तेवढंच उरलंय. मग माझं अडतंय कुठे?

एरवी मी हसून विषय बदलते, कारण उत्तर लांबलचक आहे. आज देऊनच टाकते.

मुळात ए'जच्या नादाला लागलेच कशी, ते आधी उरकते. 2002 साली नवऱ्याचा एच-वन, माझा एच-फोर. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी नवरा घेऊन जायचा. फ्रीमाँटहून बार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडली की ती ए'जच्या स्टेडियमच्या, कोलिझियमच्या, दारात सोडायची आणि बुधवारचं तिकीट दोन डॉलरला मिळायचं. त्या वर्षी टीम सलग वीस सामने जिंकली. विसाव्या सामन्यात 11-0 अशी आघाडी घालवून 11-11 झाले आणि शेवटी स्कॉट हॅटेबर्गच्या होम रनवर, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारावर, जिंकले. अशा वर्षी तिथे जाऊन बसलेला माणूस परत कसा येणार?

आता जायंट्स. 1990च्या आसपास त्यांचे तेव्हाचे मालक बॉब लुरी यांना सॅन होजेच्या बाजूला स्टेडियम बांधायचं होतं. ए'जचे मालक वॉल्टर हास यांनी एक पैसाही न घेता संमती दिली आणि सॅन होजे जिच्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीचा, म्हणजे तिथे टीम नेण्याचा, हक्क जायंट्सकडे गेला. सांता क्लाराच्या आणि सॅन होजेच्या मतदारांनी लुरींचा बेत हाणून पाडला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले. हक्क मात्र परत आला नाही. शेजारणीला लग्नापुरती दिलेली पातेली तिनं आपल्याच मांडणीवर लावून टाकावीत, तसं. पुढे ए'जनाच सॅन होजेला जायचं होतं तेव्हा जायंट्सनी तोच कागद दाखवला. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, 2015 साली सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि तो रस्ता बंद झाला. मधल्या काळात, 2006 साली, आमच्या फ्रीमाँटलाच स्टेडियम बांधायचं ठरलं होतं. ट्रॅफिकची ओरड झाली, 2009 साली तेही बारगळलं. ओरडणाऱ्यांत माझ्या ओळखीचीही मंडळी होती आणि त्यातलीच काही आज मला "इकडे या" म्हणतात, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

दुसरं, लोकांना वाटतं की ए'ज खेळाडू विकतात म्हणून मी वैतागलेली असणार. नाही हो. विकणं हा या टीमचा खानदानी धंदा आहे. फिलाडेल्फियात असताना कॉनी मॅकनं दोनदा अख्खी विजेती टीम मोडून विकली. ओकलंडमध्ये चार्ली फिनलीनं 1976 साली रूडी, फिंगर्स आणि व्हायडा ब्लू या तिघांना एकदम रोकड्यावर विकायला काढलं आणि लीगच्या कमिशनरनं तो सौदाच रद्द केला. यामागचा हिशोबही सरळ आहे. मेजर लीगमध्ये पहिली सहा वर्षं खेळाडू टीमच्या ताब्यात असतो, त्यातही सुरुवातीची साधारण तीन वर्षं टीम देईल तो पगार मुकाट घ्यायचा. सहा वर्षं भरली की तो मोकळा. श्रीमंत टीम तेव्हा थैली सोडते. गरीब टीम चौथ्या-पाचव्या वर्षीच त्याला विकून बदल्यात दोन-तीन कोवळी पोरं घेते.

हे डोकं लावून केलं तर त्यात मजा असते. 2011च्या डिसेंबरमध्ये ए'जनी आपले तीन बरे पिचर (चेंडू टाकणारे) एकामागोमाग एक विकले: ट्रेव्हर केहिल, जिओ गोन्झालेस, अँड्र्यू बेली. आम्ही कपाळाला हात लावला. पण बदल्यात आलेले जॅरॉड पार्कर, टॉमी मिलोन, रायन कुक, जॉश रेडिक हेच पुढच्या वर्षी टीमचा कणा ठरले. 30 जूनला टेक्सास रेंजर्सच्या तेरा सामने मागे असलेली टीम सीझनच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या बरोबरीत येऊन उभी. 3 ऑक्टोबर 2012, बुधवार दुपार. ऑफिसात "पोट बिघडलंय" सांगून मी कोलिझियमला गेले. आधी टेक्सास 5-1 असे पुढे. चौथ्या इनिंगमध्ये आम्ही बरोबरी साधली, आणि मग आमच्या सेस्पेडेसनं उंच उडवलेला एक अगदी सोपा झेल टेक्सासच्या जॉश हॅमिल्टननं सोडला. दोन रन आले, आम्ही पुढे. शेवटी 12-5. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली आणि माझ्या डब्यातली चकलीही खाल्ली.

चुकीचे सौदेही झाले. 2014च्या नोव्हेंबरमध्ये जॉश डोनाल्डसनला टोरंटोला देऊन टाकला आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या एका अर्ध्या भागाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या बदल्यात आलेल्या चौघांची बेरीज त्याच्या निम्म्यानंही होत नाही. तरी मी तो सौदा माफ केला. कुणीतरी बसून विचार केला होता, तो चुकला, इतकंच.

2022ला काय झालं ते वेगळं होतं. खरी सुरुवात त्याच्याही आधी, मार्कस सेमियनपासून. बे एरियात वाढलेला, बर्कलीत शिकलेला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर), 2019 साली सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा. 2020नंतर तो मोकळा झाला तेव्हा ए'जनी काय देऊ केलं? बातम्यांत आलं ते असं: एका वर्षाचे साडेबारा मिलियन, पण त्यातले दहा मिलियन पुढे वर्षाला एक या हप्त्यानं. फ्रिज घेतल्यासारखं! तो टोरंटोला गेला आणि त्या सीझनमध्ये त्यानं 45 होम रन मारले.

मग मार्च 2022. खेळाडू आणि मालकांमधला लॉकआउट, म्हणजे मालकांनी लावलेली टाळेबंदी, 10 तारखेला संपला. 12 तारखेला ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सला. 14ला मॅट ओल्सन अटलांटाला. 16ला मॅट चॅपमन टोरंटोला. एप्रिल उजाडल्यावर शॉन मनाया सॅन डिएगोला. सगळा माल महिन्याच्या आत फुटपाथवर.

थर्ड बेसवरचा चॅपमन आणि फर्स्ट बेसवरचा ओल्सन काय होते, हे टीव्हीवर फक्त होम रन बघणाऱ्यांना कळणार नाही. कोलिझियमची फाउल लाइनच्या बाहेरची जागा अख्ख्या लीगमध्ये सर्वात मोठी होती. दुसरीकडे प्रेक्षकांत जाऊन पडेल असा चेंडू इथे पळत जाऊन पकडावा लागायचा. थर्ड बेसच्या लाइनला चिकटून चेंडू सणसणत यायचा. चॅपमन उलट्या हातानं तो उचलायचा तेव्हा त्याचं तोंड आमच्याकडे आणि पाठ फर्स्ट बेसकडे असायची. पाय अजून बाहेर घसरतायत, आणि त्याच झोकात वळून तो सगळं मैदान ओलांडणारा थ्रो करायचा. तिकडे ओल्सन एक पाय बेसवर ठेवून पार जमिनीला टेकेपर्यंत ताणलेला, टप्पा पडून आलेला चेंडूही ग्लोव्हनं खरवडून उचलणार. अंपायरचा हात वर. मी वरच्या स्वस्त सीटवरून हे इतक्यांदा पाहिलंय की चेंडू लाइनवरून निघाला की आपोआप ओल्सनकडे बघायचे.

ओल्सननं 2023 साली अटलांटासाठी 54 होम रन मारले. खरं सांगायचं तर त्याच्या बदल्यात आलेला कॅचर शे लँगलियर्स चांगलाच निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार हेतूबद्दल आहे. माझं मत असं, आणि ते बदलेल असं वाटत नाही, की तो सौदा टीम उभारायला नव्हता, स्टेडियम रिकामं करायला होता. चांगले खेळाडू काढा, लोक यायचे थांबतील, मग "बघा, लोकच येत नाहीत" म्हणून बोट दाखवा. मालक जॉन फिशर 'गॅप' कपडेवाल्यांच्या घरातले. 2023च्या एप्रिलमध्ये ओकलंडच्या बंदरावरचा स्टेडियमचा बेत सोडून त्यांनी लास व्हेगासची वाट धरली. त्या सीझनमध्ये टीम 50 सामने जिंकली आणि 112 हरली.

पण 13 जून 2023ला लोक आले. "उलटा बहिष्कार" असं ठरवून 27,759 माणसं आली. हिरव्या टीशर्टांवर एकच शब्द, "सेल". खेळाडू विकून झालेत, आता टीमच विका, पण ज्याला ओकलंड हवंय त्याला. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळे एकदम गप्प झाले आणि मग "सेल द टीम" असा गजर सुरू झाला. माझा घसा दोन दिवस बसला होता. त्या वेळी लीगमध्ये सर्वात पुढे असलेल्या टँपा बेला आम्ही 2-1 हरवलं. त्याच दिवशी तिकडे नेवाडाच्या सिनेटनं नव्या स्टेडियमसाठी 380 मिलियन डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाचं बिल मंजूर केलं.

नोव्हेंबरमध्ये मेजर लीगच्या तीसही टीमच्या मालकांनी स्थलांतराला एकमतानं होकार दिला. तीसही, म्हणजे त्यात जायंट्सही आले. "इकडे या" म्हणणाऱ्यांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवावं.

26 सप्टेंबर 2024च्या शेवटच्या सामन्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी ते पाहिलंय. 46,889 लोक होते, टेक्सासला 3-2 हरवलं. सुरुवातीचा चेंडू रिकी हेन्डरसन आणि डेव्ह स्टुअर्ट या ओकलंडच्याच पोरांनी टाकला. रिकी, 1,406 बेस चोरलेला (पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठलेला) माणूस, त्याच वर्षी 20 डिसेंबरला गेला.

आणि गंमत बघा, ओकलंड सोडल्याबरोबर मालकांच्या खिशात पैसे सापडले! पिचर लुइस सेव्हेरिनोला तीन वर्षांचे 67 मिलियन, टीमच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा करार. ब्रेंट रूकरला 60, लॉरेन्स बटलरला साडेपासष्ट. सेमियनच्या वेळी हे कुठे होते? आता ते वेस्ट सॅक्रामेंटोत, चौदा हजारांच्या मायनर, म्हणजे खालच्या दर्जाच्या, लीगच्या मैदानावर खेळतात आणि नावापुढे गावच लावत नाहीत, नुसतं "ॲथलेटिक्स". त्यांच्यातल्या नव्या निक कर्ट्झवर मात्र माझा राग निघत नाही. जुलै 2025मध्ये ह्यूस्टनला एका सामन्यात त्यानं चार होम रन मारले, सहापैकी सहा हिट. पहिल्याच सीझनमध्ये असं करणारा तो पहिला. मेसन मिलरला सॅन डिएगोला देऊन अठरा वर्षांचा लिओ डी व्रीस आणला, तोही सौदा मला पटतो. शेवटच्या इनिंगला येणारा पिचर, चेंडू कितीही जोरात टाको, हरणाऱ्या टीमला काय कामाचा? हे ओकलंडमध्ये केलं असतं तर पेढे वाटले असते. आता सकाळी चहाबरोबर आकडे बघते, सामने लावत नाही.

"मग चॅपमन तर आता जायंट्सकडेच आहे," हा तुमचा हुकमाचा पत्ता मला ठाऊक आहे. आहे खरा. 2024 साली आला आणि त्याच सप्टेंबरमध्ये सहा वर्षांचा 151 मिलियनचा करार केला. मी त्याला बघतेच. चेंडू थर्ड बेसकडे गेला की मान वर, बाकी वेळ भाजी निवडते. बॉस्टननं आपला स्टार बॅटर राफाएल डेव्हर्स तुमच्या गळ्यात बांधला त्या दिवशी मला बॉस्टनवाल्यांचीच जास्त दया आली. त्यांनी आधी आपला दुसरा स्टार मुकी बेट्सलाही विकलं होतं, म्हणजे भरल्या तिजोरीवर बसूनही माणसं आमच्यासारखंच वागतात.

माझं बेसबॉल सध्या वेस्ट ओकलंडमधल्या रेमंडी पार्कात चालतं. तिथे ओकलंड बॉलर्स नावाची टीम आहे, पायोनियर लीग या छोट्या लीगमधली, ए'ज निघाले म्हणून उभी केलेली. चाहत्यांनीही तिचे शेअर घेतलेत. 2025 साली ते लीगचे विजेते ठरले. कोलिझियममध्ये जून 2025ला क्रिकेट झालं तेव्हा नवऱ्यानं मला ओढून नेलं. फिन ॲलननं 51 चेंडूंत 151 काढले, 19 षटकार मारले, आणि आपली निम्मी मंडळी तिथे भेटली. "बघ, तुझं मैदान शेवटी आमच्या खेळाच्या कामी आलं," असं तो मिशीत हसत म्हणाला. आणि त्या टीमचं नाव काय, तर सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स! मैदान ओकलंडचं, नाव पुन्हा खाडीपलीकडचंच.

तर नाही, मी येत नाही. जास्तीचं तिकीट असेल तर मात्र जरूर बोलवा. सीट थर्ड बेसच्या बाजूची बघा, आणि गार्लिक फ्राइज तुमच्याकडून.