डोक्यावरचा टॅग

"तुमची गिल्ड जाम माजोरडी आहे यार" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर एकदा नीट लिहावंच असं ठरवलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधली आमची गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा कायमचा गट, निम्मे लोक पुण्याचे, बाकी मुंबई-नाशिककडचे आणि थोडे युरोपातले, आणि मी तिथे ऑफिसर आहे, म्हणजे नवीन लोकांचे अर्ज बघायचे, ट्रायल घ्यायची आणि वेळ आली की नाही म्हणायचं ही सगळी कामं माझ्याकडे. नाही म्हणणारा माणूस शिष्ट वाटतो, ते मला समजतं. पण कडक असणं आणि माज करणं यात लोक फार गल्लत करतात, आणि गिल्डच्या आतले लोकही करतात, बाहेरचेच नाही.

आधी कडकपणाचं बोलू. रेड म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून मोठे बॉस मारायचे, आणि मिथिक रेड, म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हलची, २०१४ पासून २० जणांची आहे. एकविसावा कितीही चांगला असला तरी त्याला बाहेर बसावं लागतं, त्यालाच बेंच म्हणतात. बॉसची एक फाइट सात-आठ मिनिटांची असते आणि त्यात एकाने जरी अंगावर आलेला बॉम्ब चुकीच्या ठिकाणी नेला तरी वीसच्या वीस जण मरतात, की परत पहिल्यापासून. जगातल्या पहिल्या नंबरच्या गिल्डला सुद्धा २०१७ साली किलजेडन या बॉसला पाडायला साडेसहाशेच्या वर वेळा प्रयत्न करावा लागला होता, मग आपली काय कथा. आणि आमचा सर्व्हर युरोपचा, तिकडे रात्री ८ ला रेड सुरू झाली की आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. सकाळी हिंजवडीची बस पकडायची असणारी माणसं त्या वेळेला हेडफोन लावून बसतात, आवाज बारीक ठेवून, कारण बाजूच्या खोलीत आईबाबा झोपलेले असतात. अशा वेळी कोणी बॉसचा व्हिडिओ न बघता, पोशन न घेता, वीस मिनिटं उशिरा आलं तर ते एकोणीस लोकांची झोप वाया घालवणं आहे, त्याला मी ऐनवेळी बेंचवर बसवणार, आणि त्याबद्दल मला कोणी एलिटिस्ट म्हटलं तरी चालेल.

पुण्यात तरी हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. ढोलपथकाचं बघा ना, गणपतीच्या दोन-दोन महिने आधी नदीपात्रात सराव सुरू होतो, जो सरावाला येत नाही त्याला मिरवणुकीत ढोल बांधायला मिळत नाही, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. पण त्याच पथकात एखादा जुना वादक असतो जो नवीन पोराच्या हातातून टिपरू निसटलं की सगळ्यांसमोर त्याला हसतो. तो माज. हजेरीचा नियम आणि ते हसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून बघणाऱ्याला पथकाचं नाव एकच दिसतं.

गेममध्ये हा माज आकड्यांतून येतो. जुन्या लोकांना गिअरस्कोअर आठवत असेल, २००९-१० च्या आसपास, आईसक्राऊन रेडच्या वेळी. एक साधा ॲडऑन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, तुमच्या अंगावरच्या सामानाची बेरीज करून एक आकडा द्यायचा, तुम्हाला खेळता येतं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी चॅटमध्ये सरळ लिहिलेलं असायचं की पाच हजारच्या वर असेल तरच व्हिस्पर (खाजगी मेसेज) करा आणि सोबत अचीव्हमेंटची लिंक द्या, म्हणजे बॉस मारायला ग्रुपमध्ये यायचं तर तो बॉस आधीच मारलेला पाहिजे! नवीन माणसाने जायचं कुठे? मग लीजन या भागाच्या वेळी रेडर आयओ साइटचा स्कोअर आला आणि मिथिक प्लसच्या, म्हणजे पाच जणांच्या अवघड मोहिमांच्या, ग्रुपमध्ये तेच चक्र पुन्हा सुरू झालं.

आणि वॉरक्राफ्ट लॉग्स, म्हणजे फाइटच्या नोंदी दाखवणारी साइट, तिचे रंग. तुमच्याच क्लासचं (प्रकारचं) कॅरेक्टर खेळणाऱ्या बाकीच्या लोकांच्या तुलनेत तुम्ही किती डॅमेज केलं त्यावर रंग मिळतो, शंभरपैकी २५ च्या खाली राखाडी, मग हिरवा, निळा, ७५ पासून जांभळा, ९५ ला नारिंगी, ९९ ला गुलाबी आणि पूर्ण १०० ला सोनेरी. मला लॉग्स मनापासून आवडतात, वाइप का झाला, म्हणजे सगळे का मेले, ते त्यात अगदी सेकंदाला कळतं. पण लोक फक्त रंग बघतात आणि "ग्रे आहे तो" हे शिवीसारखं वापरतात, याचा मला खरंच राग येतो.

पिंपरीच्या एका मुलाचा अर्ज आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोग (Rogue, चोरटे हल्ले करणारा क्लास) खेळणारा, सगळे पार्स, म्हणजे लॉग्समधले ते रंगीत आकडे, हिरवे नाहीतर निळे, एकही जांभळा नाही. आमच्यातल्या दोघांनी वर-वर बघूनच नको म्हटलं. मी त्याचे लॉग्स उघडून बसलो, डॅमेजचं पान सोडून इंटरप्ट्सचं, म्हणजे शत्रूचे स्पेल मध्येच थांबवण्याचं (त्यालाच किक्स म्हणतात), पान काढलं. त्यातल्या एका फाइटमध्ये मोबचा (शत्रूचा) एक स्पेल थांबवला नाही तर टँक, म्हणजे सगळा मार अंगावर घेणारा, मरतो, आणि ते थांबवायचं काम जवळजवळ एकट्या ह्याने केलं होतं. बाकीचे आपापला डॅमेज वाढवत बसले होते आणि त्यांचे पार्स अर्थातच नारिंगी. शिवाय हा पोरगा एकाही पुलमध्ये (प्रयत्नात) पहिला मेलेला नव्हता. डिस्कॉर्डवर बोलायला आला तर पहिलंच वाक्य, "दादा, माझे पार्स कमी आहेत, मला माहितीये, चालेल का?" मी त्याला म्हटलं, अरे किक्स कोण मारत होतं ते मी बघितलंय, तू गुरुवारी ये. आज तो आमच्या पहिल्या वीसात आहे आणि किक्सची रोटेशन तोच लावतो.

आता नावाबद्दल. गिल्डचं नाव तुमच्या कॅरेक्टरच्या डोक्यावर, नावाच्या खाली, सगळ्यांना दिसत असतं. आम्ही ऑफिसर लोक भरतीच्या पोस्टमध्ये कितीही गोड लिहू दे, गिल्डचं नाव ठरतं ते रविवारी दुपारी आमच्यातला एखादा माणूस अनोळखी लोकांबरोबर साधं डन्जन, म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम, करायला जातो तिथे. आमच्याकडे एक होता, कायम नारिंगी पार्स, बॉसवर खरंच भारी. तो एका नवीन टँकला, रस्ता चुकला म्हणून, सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला आणि वर त्याला ग्रुपमधून काढायचं व्होट टाकलं. त्या टँकच्या मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. आम्ही त्याला म्हटलं की माफी मागायची, नाहीतर पुढच्या रेडला बेंच. तो गेला, जाताना दोघांना घेऊन गेला, आणि आमचा प्रोग्रेस बरेच आठवडे तिथेच अडकला. त्यावरून गिल्डमध्ये भांडणं झाली, की एवढ्याशा गोष्टीसाठी चांगला डीपीएस (डॅमेज करणारा) घालवला म्हणून. मला ती गोष्ट तेव्हाही एवढीशी वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही.

पूर्वी या गोष्टीची किंमत आपोआप मोजावी लागायची. एका सर्व्हरवर तेच तेच लोक, आज ज्याची लूट ढापली तो उद्या तुम्हाला ग्रुपमध्ये घेणार नाही, आणि ही गोष्ट चार दिवसांत सर्व्हरभर व्हायची. २००९ च्या डिसेंबरमध्ये डन्जन फाइंडर आला, दुसऱ्या सर्व्हरची माणसं एका बटणावर मिळायला लागली आणि काम झालं की परत कधी दिसायची नाहीत. सोय प्रचंड झाली, नोकरी करणाऱ्यांचा तर कितीतरी वेळ वाचला, ते मी नाकारत नाही. पण शिव्या देऊन निघून जाणंही तितकंच सोपं झालं. २०१९ ला क्लासिक, म्हणजे गेमची जुनी आवृत्ती, परत आलं तेव्हा त्यात हा फाइंडर नव्हता, ग्रुप चॅटमध्ये विचारून जमवायला लागायचा, आणि महिन्याभरात लोक परत एकमेकांची नावं लक्षात ठेवायला लागले, चांगली पण आणि वाईट पण. ते मी स्वतः बघितलंय आणि मला ते फार आवडलं होतं.

त्यामुळे एखादी गिल्ड माजोरडी आहे का हे बघायचं असेल तर तिच्या अटी वाचून कळणार नाही. त्यांच्या एखाद्या मेंबरबरोबर एक साधं डन्जन करा, मुद्दाम एकदा रस्ता चुका आणि तो काय बोलतो ते बघा. नाहीतर अर्ज करा आणि उत्तर येतं का ते बघा. अर्ज वाचून गप्प बसणाऱ्या गिल्ड्स खूप आहेत, पोरं आठवडाभर वाट बघतात.

आमच्याकडे सध्या एक टँक आणि दोन हीलर हवेत. रेड गुरुवार आणि रविवार, वेळ वर सांगितलीच आहे, आणि गुरुवारी आपल्या भागात लाईट जाते का ते आधी बघून ठेवा. पार्सचा रंग विचारणार नाही, लॉग्स मात्र मागणार आणि सगळी पानं बघणार. उत्तर दोन दिवसांत देतो, नाही असेल तर का नाही तेही लिहितो.